माईक वाढवला की शिट्टी, कमी केला की मागे ऐकू येत नाही: दर कार्यक्रमात परतणारा दोष कुठे शोधायचा

तक्रार जवळजवळ नेहमी याच क्रमाने येते. मागच्या रांगांतून हात वर होतात, ऑपरेटर मिक्सरवरचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) थोडा वर सरकवतो, आवाज पत्र्याचा व्हायला लागतो आणि पुढच्याच क्षणी कुईं करून शिट्टी लागते. फेडर खाली. पुन्हा हात वर. कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी निदान करतं की अँप (अँप्लिफायर) कमी पडतोय, आणि दुप्पट वॅटचा अँप येतो. पुढच्या कार्यक्रमात तेच. मग ग्राफिक ईक्यू (आवाजाचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणारं उपकरण) येतो, त्यानंतर फीडबॅक सप्रेसर (शिट्टी आपोआप दाबणारं यंत्र), त्यानंतर हॉलच्या मध्यावर जादा स्पीकर. इथे तक्रार रूप बदलते: "आवाज भरपूर येतोय, पण काय बोलतायत ते कळत नाही."

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे आणि ते उपकरणांच्या रॅकमध्ये नाही. ते अंतरांमध्ये आहे. तोंडापासून माईक किती लांब, माईकपासून स्पीकर किती लांब, स्पीकरपासून शेवटचा कान किती लांब, आणि या सगळ्याभोवती हॉल किती घुमतो. साउंड सिस्टीम डिझाइन करणं म्हणजे आधी ही अंतरं ठरवणं. वॅट, मॉडेल, चॅनेलची संख्या या गोष्टी त्यानंतरच्या. म्हणून खाली तपासणीचा जो क्रम दिला आहे त्यात ईक्यू सगळ्यात शेवटी आहे, आणि तो तिथेच असायला हवा.

सुरुवातीला दोन मिनिटांचं काम

काहीही हलवण्याआधी प्रत्येक स्पीकर एकेकटा चालू करून अर्ध्या मीटरवर उभं राहून ऐका. पिंक नॉइज (तपासणीसाठीचा, सगळे पट्टे असलेला 'शूं' आवाज) असेल तर उत्तम, नसेल तर कुणाचं तरी साधं बोलणं चालेल. हॉर्नमधून (पेटीतला तीव्र आवाजाचा भाग) 'स', 'त', 'क' ही अक्षरं स्वच्छ येतात का? हॉर्नचा डायफ्रॅम जळालेला आणि फक्त वूफर (जाड आवाजाचा भाग) वाजतोय, अशी पेटी लांबून ऐकताना 'चालू' वाटते. तिच्यातून स्वर बाहेर पडतात, व्यंजनं पडत नाहीत. ऑपरेटर शब्द कळावेत म्हणून आवाज वाढवतो आणि नको असलेला खालचा भागच वाढत जातो. दोन पेट्यांपैकी एकीची प्लस-मायनस वायर उलटी असेल तर दोन्ही एकदम लावून त्यांच्या बरोबर मध्ये उभं राहिल्यावर आवाज पातळ, पोकळ होतो. तेही याच वेळी कळतं.

हे ठीक असेल तर पुढे चला.

जास्त वॅटने शिट्टी का जात नाही

माईकने पकडलेला आवाज मोठा होऊन स्पीकरमधून बाहेर पडतो, हवेतून कमी होत होत परत माईकपर्यंत येतो आणि पुन्हा मोठा होतो. ही एक फेरी. फेरीत जेवढा तो वाढतो तेवढाच वाटेत कमी होत असेल आणि एखाद्या फ्रीक्वेन्सीला (सेकंदाला किती कंपनं, हर्ट्झमध्ये) तो मूळ आवाजाशी फेज, म्हणजे लहरींचे चढउतार, जुळवून परतत असेल, तर ती फ्रीक्वेन्सी स्वतःच्या जोरावर वाजत राहते. डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावाने याला लार्सन इफेक्ट म्हणतात. या हिशेबात अँपचे वॅट कुठेच येत नाहीत. वॅट एवढंच ठरवतात की आवाज फाटण्याआधी किती वर जाऊ शकतो. शिवाय वॅट दुप्पट केले की मिळतात फक्त ३ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप), आणि ऐकणाऱ्याला आवाज साधारण दुप्पट वाटायला १० डीबी लागतात, म्हणजे दहापट वॅट.

निर्णय लावणारी चाचणी सोपी आहे. शिट्टी लागते त्या क्षणी अँपवरचा क्लिपचा दिवा पाहा. दिवा विझलेला असेल तर अँप कमी पडत नाही. तो प्रश्न तिथेच बंद करा.

याच जोडीचा दुसरा गैरसमजही इथेच मिटवू. 'गेन कमी करून फेडर वर ठेवला की शिट्टी लागत नाही' असं ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात (गेन म्हणजे माईकचा सिग्नल मिक्सरमध्ये शिरतानाच मोठा करणारं बटण). फेरीत एकूण वाढ किती झाली एवढंच महत्त्वाचं. ती गेनमधून आली की फेडरमधून, याने काही बदलत नाही.

तोंड आणि माईक: सगळ्यात स्वस्त १२ डीबी

मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डीबीने उतरतो, निम्मं झालं की ६ डीबीने चढतो. वक्ता माईकपासून ६० सेंटीमीटरवर बोलत असेल आणि तो ३० वर आला तर ६ डीबी मिळाले, १५ वर आला तर आणखी ६. स्पीकर ते माईक हा रस्ता जसा होता तसाच राहिला, म्हणजे शिट्टीची मर्यादा हललेली नाही आणि बोलणं मात्र १२ डीबीने मोठं झालं. हेच १२ डीबी अँपमधून काढायचे तर सोळापट वॅट लागतील, आणि त्यांतला एकही शिट्टीच्या बाबतीत कामाला येणार नाही.

प्रत्यक्षात काय दिसतं? पोडियमवरचा लवचीक मानेचा माईक आधीच्या उंच वक्त्यासाठी वर केलेला असतो, पुढचा वक्ता कागदाकडे बघून खाली बोलत असतो, आणि तोंड ते जाळी हे अंतर दोन विती झालेलं असतं. ते एक वितीपेक्षा कमी करणं हे काम मिक्सरवर होत नाही. कुणीतरी उठून माईक वाकवावा लागतो. त्यासाठी स्टेजजवळ एक माणूस ठेवणं हाही डिझाइनचाच भाग मानावा, असं माझं ठाम मत आहे.

कॉलरचा माईक तोंडापासून साधारण २० ते २५ सेंटीमीटरवर असतो आणि बहुधा सर्व दिशांनी सारखंच ऐकतो, त्यामुळे शिट्टीला तो फार हळवा. वक्ता फिरत बोलणारा असेल तर गालाशी येणारा हेडसेट द्या. तोंडाच्या कोपऱ्यापासून तो दोन-तीन सेंटीमीटरवर बसतो आणि मान वळवली तरी अंतर बदलत नाही.

हातातल्या माईकची जाळी मुठीत धरून बोलणाऱ्याला मात्र प्रेमाने थांबवा. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माईक मागचा आवाज टाळतो तो मागच्या बाजूच्या फटींमुळे. मुठीने त्या फटी बंद झाल्या की माईकची दिशा ऐकण्याची ताकद जाते आणि शिट्टी लगेच लागते. जवळून बोलल्यावर असे माईक खालचे स्वर फुगवतात, म्हणून चॅनेलवरचा हाय-पास फिल्टर (खालच्या फ्रीक्वेन्सी कापणारा) १०० ते १२० हर्ट्झवर चालू ठेवा. शब्द कळायला त्याखालचं काही लागत नाही.

मॉनिटर (स्टेजवरच्या माणसाला ऐकू यावं म्हणूनचा स्पीकर) कुठे ठेवायचा तेही माईकवर ठरतं. कार्डिऑइड सगळ्यात कमी ऐकतो तो थेट पाठीमागून, १८० अंशांवर. सुपरकार्डिऑइड (समोरचा आणखी अरुंद भाग ऐकणारा) साधारण १२६ अंशांवर बहिरा असतो आणि थेट मागून थोडं ऐकतो. हायपरकार्डिऑइडचा हा कोन ११० च्या आसपास. सुपरकार्डिऑइड माईकच्या नेमक्या पाठीमागे मॉनिटर ठेवून 'हा माईक शिट्टी फार मारतो' असं म्हणण्यात माईकवर अन्याय आहे. मॉनिटर बाजूला सरकवा.

उघडे माईक मोजा

एकाच पातळीवर उघडे असलेले माईक दुप्पट झाले की शिट्टीआधीची जागा ३ डीबीने घटते. एकाचे दोन, ३ डीबी गेले. चार झाले, ६. आठ झाले, ९. चर्चासत्रात टेबलावर आठ माईक आणि सगळे फेडर शून्याच्या खुणेवर, म्हणजे पुरते उघडे, हे दृश्य दिसलं तर ईक्यूला हात लावण्याआधी सात माईक बंद करा आणि फरक ऐका. ऑपरेटरला हाताने हे जमत नसेल तर ऑटोमिक्सर वापरा. अमेरिकन ध्वनितंत्रज्ञ डॅन ड्यूगन यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेली पद्धत फार सुंदर आहे. जो बोलतोय त्याच्या माईकला वाटा जास्त मिळतो, गप्प असलेल्यांचा कमी होतो, आणि सगळ्यांची मिळून बेरीज एका उघड्या माईकएवढीच राहते. आज अनेक डिजिटल मिक्सरमध्ये हे आत बसवलेलं असतं आणि तसंच न वापरता पडलेलं असतं.

एकदा आकडेमोड करून पाहा

सांगितलेलं खरं वाटावं म्हणून एक हॉल घेऊ: २० मीटर लांब, १२ रुंद, ६ उंच. वक्त्यापासून शेवटचा श्रोता १८ मीटरवर, स्पीकर माईकपासून ४ मीटरवर, स्पीकरपासून शेवटचा श्रोता १५ मीटरवर. वक्ता माईकपासून ६० सेंटीमीटरवर. चार माईक उघडे.

आधी गरज किती ते ठरवू. शेवटच्या श्रोत्याला वक्ता जणू अडीच मीटरवर उभा राहून बोलतोय असं वाटायला हवं. १८ भागिले २.५ म्हणजे ७.२, डीबीत साधारण १७. एवढी वाढ हवी आहे.

आता शक्य किती? वक्ता-श्रोता अंतर गुणिले माईक-स्पीकर अंतर, म्हणजे १८ गुणिले ४, ७२. त्याला तोंड-माईक गुणिले स्पीकर-श्रोता, म्हणजे ०.६ गुणिले १५, ९ ने भागायचं. आले ८. त्याचा लॉग घेऊन २० ने गुणलं की १८ डीबी. वरवर पाहता काम झालं. पण शिट्टीच्या उंबरठ्यावर सिस्टीम चालवता येत नाही, तिथे आवाज आधीच घंटेसारखा वाजत असतो. म्हणून ६ डीबी राखीव सोडायचे. उरले १२. चार उघड्या माईकचे आणखी ६ गेले. हातात राहिले ६ डीबी, गरज १७ ची. ११ डीबीची तूट! ही तूट फेडरने कशी भरणार? मागच्या रांगेतले हात खरे आहेत, ऑपरेटरची अडचणही खरी आहे, आणि दोघांच्याही हातात उपाय नाही.

तोच हॉल, तेच स्पीकर, तोच अँप. तोंड-माईक अंतर १५ सेंटीमीटर करा: १२ डीबी आले. एकच माईक उघडा ठेवा: ६ परत आले. ६ चे झाले २४. गरजेपेक्षा ७ डीबी जास्त.

हा हिशेब मोकळ्या हवेचा आणि कुठलीही दिशा न धरणाऱ्या माईक-स्पीकरचा आहे. दिशा धरणारी उपकरणं त्यात थोडी भर घालतात, घुमणारा हॉल त्यातलं बरंच काढून घेतो. तरी तूट आहे की शिल्लक, आणि ती कुठून आली, हे कागदावर पाच मिनिटांत दिसतं. खरेदीच्या यादीआधी हा कागद झाला पाहिजे.

स्पीकर: कुठे, किती उंच, कुणाकडे तोंड करून

स्पीकर माईकच्या पुढे हवेत, मागे कधीच नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. उंचीकडे मात्र दुर्लक्ष होतं. स्टँडवर कानाच्या उंचीला ठेवलेली पेटी पहिल्या रांगेपासून २ मीटरवर आणि शेवटच्या रांगेपासून १५ मीटरवर असेल तर थेट आवाजातला फरक साडेसतरा डीबीचा पडतो. पुढचे कान झाकून घेतात, मागचे कान पुढे करतात. शिवाय मधल्या प्रत्येक डोक्याने वरच्या फ्रीक्वेन्सी अडवलेल्या. तीच पेटी कानांच्या पातळीपासून ३.८ मीटर वर नेली तर पहिली रांग तिच्यापासून सुमारे ४.३ मीटरवर जाते, शेवटची साडेपंधरावर, आणि फरक ११ डीबीवर येतो. आता पेटीचं तोंड शेवटच्या रांगांकडे खाली वळवा. पहिली रांग हॉर्नच्या अक्षाबाहेर पडते, तिथे आवाज आपोआप आणखी काही डीबीने उतरतो. एक पैसाही न घालता सतराचा फरक सहा-सातवर येऊ शकतो.

पेटी सरळ समोर बघत असेल तर तिचा बराच आवाज मागच्या भिंतीवर आणि छतावर जातो. श्रोते असतात खाली. पेटीच्या पाठीशी उभं राहून, तिच्या वरच्या पृष्ठाला समांतर नजर लावली की ती कुठे बघतेय ते कळतं. बहुतेक वेळा ती मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत असते.

हॉर्नवर ९० बाय ६० अंश लिहिलेलं असतं, पण ते सगळ्या फ्रीक्वेन्सींना लागू नसतं. आवाजाला दिशा द्यायची तर वस्तूचा आकार तरंगलांबीच्या तोडीचा हवा. २५० हर्ट्झची तरंगलांबी १.३७ मीटर आहे. ३० सेंटीमीटरचा हॉर्न साधारण १,१०० हर्ट्झच्या खाली दिशा सोडून देतो; त्याखालचा आवाज पेटीच्या मागे, बाजूला, स्टेजवर, सगळीकडे पसरतो. म्हणून २०० ते ४०० हर्ट्झमधली घूं करणारी शिट्टी ही छोट्या पेट्यांची हमखास खूण आहे. उंच कॉलम स्पीकरचा फायदा इथेच होतो: कॉलम जितका उंच, तितकी उभ्या दिशेतली पकड खालच्या फ्रीक्वेन्सीपर्यंत पोचते.

एकाच जागेवर दोन पेट्यांचा सारखाच आवाज पडू देऊ नका. दोन्हींच्या अंतरात ३४ सेंटीमीटरचा फरक असला की आवाजांत १ मिलिसेकंदाचं अंतर पडतं, आणि ५०० हर्ट्झवर, मग १,५०० वर, मग २,५०० वर खड्डे पडतात. पिंक नॉइज लावून हॉलमध्ये आडवं चालत जा. आवाज शूंऽऽ करत रंग बदलत असेल तर हेच चाललं आहे. एका खुर्चीसाठी तो ईक्यूने सुधारला तर शेजारच्या खुर्चीचा बिघडतो. पेट्यांचे कोन फिरवूनच हे कमी होतं.

आवाज येतो, शब्द येत नाहीत

आता दुसरी तक्रार. हॉलमध्ये प्रत्येक कानाला दोन आवाज मिळतात: स्पीकरकडून थेट आलेला, आणि भिंती-छत-फरशीवर आपटून उशिरा आलेला. थेट आवाज अंतराबरोबर उतरत जातो. घुमणारा आवाज हॉलभर जवळजवळ सारखाच राहतो. ज्या अंतरावर दोघे बरोबरीला येतात त्याला क्रिटिकल डिस्टन्स म्हणतात. आपल्या हॉलचं आकारमान १,४४० घनमीटर. तो २ सेकंद घुमत असेल आणि स्पीकर बऱ्यापैकी दिशा धरणारा असेल, म्हणजे त्याचा क्यू (दिशा धरण्याचं माप) १० असेल, तर हे अंतर ४.८ मीटर येतं. क्यूला आकारमानाने गुणा, घुमण्याच्या सेकंदांनी भागा, वर्गमूळ काढा आणि ०.०५७ ने गुणा, एवढंच गणित. शेवटची रांग १५ मीटरवर. तिथे घुमणारा आवाज थेट आवाजापेक्षा जवळपास १० डीबीने वरचढ असतो.

फेडर वर नेला तर? दोन्ही एकदम वाढतात. गुणोत्तर जिथल्या तिथे. म्हणून मोठ्याने लावल्याने शब्द कळत नाहीत, नुसता गोंगाट वाढतो.

बोलण्याची ताकद स्वरांमध्ये असते आणि अर्थ व्यंजनांमध्ये. आधीच्या 'आ'ची शेपटी हॉलमध्ये रेंगाळत असताना पुढचा 'त' किंवा 'प' येऊन जातो आणि तिच्याखाली दडपला जातो. डच ध्वनितज्ज्ञ पॉइट्झ यांनी १९७१ मध्ये शब्द कळण्याचं माप व्यंजनं किती हरवतात यावरच बेतलं. आजचं प्रचलित माप म्हणजे एसटीआय (स्पीच ट्रान्समिशन इंडेक्स). ते ० ते १ मध्ये येतं, आणि सूचना देणाऱ्या सिस्टीमसाठी ०.५ ही किमान पातळी साधारण धरली जाते. ते मोजायचं यंत्र नसेल तर मराठीत एक चांगली चाचणी करता येते. स्टेजवरून एकाने 'पाट, घाट, दाट, वाट, लाट, काट' असे शब्द उलटसुलट क्रमाने, मध्ये थोडं थांबत वाचावेत आणि शेवटच्या रांगेतल्या तिघांनी ऐकू आले तसे लिहावेत. ओळखीच्या वाक्यात मेंदू गाळलेल्या जागा भरतो. इथे भरायला काहीच मिळत नाही. पहिल्या रांगेपासून मागे जात हीच यादी घेतली तर कुठल्या रांगेपासून शब्द सुटायला लागतात ते अगदी रेघ मारल्यासारखं दिसतं.

घुमणं कमी करण्याचं गणित अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी दिलं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग म्युझियमच्या व्याख्यानगृहात शब्द कळत नाहीत म्हणून ते काम त्यांच्याकडे आलं. ऑर्गनची नळी, स्टॉपवॉच आणि दुसऱ्या सभागृहातून रात्री उचलून आणलेल्या खुर्च्यांच्या गाद्या एवढ्या सामग्रीवर त्यांनी नियम शोधला. घुमण्याचा काळ म्हणजे ०.१६१ गुणिले आकारमान, भागिले एकूण शोषण. आपल्या हॉलमध्ये २ सेकंदांसाठी शोषण ११६ चौरस मीटर येतं. ते १ सेकंदावर आणायचं तर तेवढंच आणखी हवं. ०.८ शोषणाचं साहित्य लावलं तर सुमारे १४५ चौरस मीटर, म्हणजे २४० चौरस मीटरच्या छताचा साठ टक्के भाग. पातळ पडदे किंवा भिंतीवरचा पातळ गालिचा हे काम करत नाहीत. ते वरच्या फ्रीक्वेन्सी शोषतात आणि २५०-५०० हर्ट्झचं घुमणं तसंच ठेवतात. उलट हॉल आणखी बोदा वाटायला लागतो.

माणसंही शोषण करतात, मधल्या फ्रीक्वेन्सीला प्रत्येकी साधारण ०.४ ते ०.५ चौरस मीटर. कडक खुर्च्यांवर दोनशे माणसं बसली की हाच हॉल २ सेकंदांवरून सव्वा सेकंदाच्या खाली येतो. रिकाम्या हॉलमध्ये केलेला साउंड चेक म्हणूनच फसवा असतो, आणि अर्ध्या भरलेल्या हॉलमधली तक्रार खरी असते. गादीच्या खुर्च्या असलेला हॉल रिकामा आणि भरलेला यांत फारसा बदलत नाही, हा त्या खुर्च्यांचा मोठा गुण.

हॉलला हात लावता येत नसेल तर उरतात दोन मार्ग: जास्त दिशा धरणारे स्पीकर, किंवा श्रोत्याच्या जवळचे स्पीकर. दुसरा मार्ग स्वस्त म्हणून लोक मध्यावर जादा पेट्या लावतात, आणि डिले लावत नाहीत, म्हणजे त्यांचा आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडत नाहीत. मुख्य स्पीकर १५ मीटरवर, जादा पेटी ५ मीटरवर. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मीटरला २९ मिलिसेकंद. मागच्या माणसाला तोच शब्द दोनदा ऐकू येतो, आणि पहिला येतो बाजूच्या पेटीतून. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये जर्मनीतल्या गटिंगेनला दाखवलं की आधी पोचलेल्या आवाजाकडून सगळं येतंय असं कानाला वाटतं, आणि नंतर ५ ते ३० मिलिसेकंदांत आलेला आवाज १० डीबीपर्यंत मोठा असला तरी वेगळा जाणवत नाही. म्हणून जादा पेटीला २९ अधिक १० ते १५, म्हणजे ४० मिलिसेकंदांच्या आसपास डिले द्या. वक्ता स्टेजवरच बोलतोय असं वाटत राहतं आणि शब्द मात्र जवळच्या पेटीतून स्पष्ट येतात. ५ मीटरवरची पेटी आपल्या ४.८ मीटरच्या मर्यादेलगत आहे, हेच तिचं खरं बळ.

एक काळजी घ्या. प्रत्येक नवी पेटी हॉलमध्ये घुमणाऱ्या आवाजात भर घालते. म्हणून डिलेच्या पेट्या हळू वाजवा, साधारण २०० हर्ट्झखालचं त्यांच्यातून काढून टाका, तोंड सरळ खाली श्रोत्यांवर ठेवा, आणि त्या लागल्यावर मुख्य स्पीकर दोन-तीन डीबी खाली घ्या. हे शेवटचं पाऊल जवळपास कुणीच उचलत नाही.

पातळ्या आणि गुणगुण, थोडक्यात

मागे ऐकू येत नाही त्याबरोबर सतत हिस्स येत असेल तर गेनची मांडणी उलटी आहे: मिक्सर खाली आणि अँप पूर्ण उघडा. माईकचा सिग्नल साधारण −६० ते −४० डीबीयू (डीबीयू, डीबीव्ही ही सिग्नलच्या व्होल्टेजची मापं) असतो. प्रीअँपवरच, म्हणजे गेनच्या बटणानेच, तो लाइन पातळीला (उपकरणं आपसात वापरतात त्या पातळीला) आणा, फेडर शून्याजवळ ठेवा आणि मिक्सरचा मीटर नीट दाखवत असताना हॉलला हवा तेवढा आवाज येईल इतकाच अँप उघडा. लॅपटॉप किंवा घरगुती प्लेअर −१० डीबीव्हीला, म्हणजे ०.३२ व्होल्टला चालतात आणि व्यावसायिक उपकरणं +४ डीबीयूला, म्हणजे १.२३ व्होल्टला. मधले १२ डीबी कुणीतरी चुकीच्या जागी भरून काढतो आणि हिस्सही तेवढाच वर येतो.

५० हर्ट्झची गुणगुण वेगळं दुखणं आहे. बॅलन्स्ड केबल (दोन सिग्नल वायर आणि शील्ड असलेली) आणि सगळ्या उपकरणांना एकाच ठिकाणाहून वीज, इथून सुरुवात करा. उपकरणाच्या प्लगचं अर्थिंग तोडून गुणगुण घालवणं जिवावर बेतू शकतं. ते कुणी सुचवलं तरी करू नका.

आता ईक्यू

सगळं जागच्या जागी असेल, माईक एक वितीच्या आत असेल, उघडे माईक मोजके असतील, तर मगच हे करा. वक्त्याच्या जागी खरा माणूस उभा करा, कारण अंगावरून परतणारा आवाजही फेरीत असतो. फेडर हळूहळू वर न्या आणि पहिली घंटा वाजू लागली की थांबा. आरटीएवर (कुठली फ्रीक्वेन्सी किती वाजतेय ते दाखवणारं यंत्र) ती फ्रीक्वेन्सी पाहा, पॅरामेट्रिक ईक्यूचा अरुंद पट्टा तिथे ३-४ डीबी खाली घ्या. पुन्हा वर, दुसरी घंटा. तीन, फार तर चार पट्ट्यांवर थांबा. पाचवी आणि सहावी फ्रीक्वेन्सी एकदमच वाजायला लागतात. तिथून पुढे प्रत्येक काटछाट म्हणजे सगळाच आवाज कमी करणं. या पद्धतीने काही डीबी मिळतात. ११ डीबीची तूट यातून भरणार नाही. २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात कापताना हात राखून ठेवा, व्यंजनं तिथेच राहतात.

फीडबॅक सप्रेसर हेच काम आपोआप करतो. माईक हातात घेऊन फिरणाऱ्या वक्त्यासाठी तो उपयोगी पडतो, कारण माईक हलला की शिट्टीची फ्रीक्वेन्सीही बदलते. मात्र रोज चालू करताना त्याचे जुने फिल्टर पुसा. आठवडेन् आठवडे साठलेले पट्टे आवाजाचं पार भुसकट करतात आणि कुणाला कारण सापडत नाही.

शेवटी फेडर त्या उंबरठ्यापासून ६ डीबी खाली आणा आणि तिथे टेपची रेघ मारा. ऑपरेटर बदलला तरी रेघ दिसते. मिक्सर डिजिटल असेल तर सीन (सगळ्या सेटिंग्जची साठवण) सेव्ह करा, आणि सीनच्या नावातच माईकची जागा व स्पीकरची उंची लिहा. पुढच्या कार्यक्रमात शिट्टी परतली तर सीन उघडण्याआधी मोजपट्टी घेऊन जा आणि त्या दोन गोष्टी आहेत तिथेच आहेत का ते पाहा.